हँडल बदललं तरी हात बधिर, यू-टर्नला रेस वाढते, खड्ड्यात हँडल फिरतं : क्रूझरच्या नव्या हँडलचं नेमकं कुठे चुकतं

ठाणे-नवी मुंबईतल्या क्रूझरवाल्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. बुलेट, थंडरबर्ड किंवा ॲव्हेंजर कस्टम केली, छान उंच हँडल लावलं, पहिले चार दिवस बरं वाटलं. मग घोडबंदर रोडने कासारवडवलीहून तीन हात नाक्यापर्यंत येईतो करंगळी बधिर व्हायला लागली. हँडल बदललं. आता खांदे धरले. तिसरं आणलं, तर यू-टर्न घेताना इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं. तीन हँडलचे पैसे गेले आणि गाडी मूळच्या हँडलपेक्षा वाईट चालते.

यात हँडल खराब निघण्याचं प्रमाण कमी असतं. बहुतेक वेळा हँडल आधी पसंत केलं जातं आणि मोजमाप नंतर होतं, किंवा होतच नाही. त्यामुळे नवं हँडल शोधण्याआधी आत्ता गाडीवर असलेल्या हँडलवर अर्धा तास घालवा. निम्मी कामं तिथेच सुटतात.

आधी त्रास कुठला आहे ते ओळखा

बधिरपणा कुठल्या बोटांत येतो हे नीट पाहा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन जड पडत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार येतोय. तिथून जाणारी नस मुठीखाली दबते. हँडलची टोकं पुरेशी मागे वळलेली नसली, किंवा मनगट बाहेरच्या बाजूला मुरडून मूठ धरावी लागत असली, की असं होतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर कारण वेगळं असतं. मनगट वरच्या बाजूला मोडलेलं राहतं आणि मनगटाच्या मधून जाणारी नस आवळली जाते. मुठी फार खाली असल्या किंवा क्लच-ब्रेकच्या लिव्हर आडव्या, वर उचललेल्या बसवलेल्या असल्या की हे होतं. सगळाच हात गार पडून जड होत असेल आणि मुठी खांद्याच्या वर असतील, तर हात हृदयापेक्षा उंच धरल्यामुळे रक्त कमी पोचतंय. त्यावर ग्रिप बदलून काही उपयोग नाही.

मान आणि खांद्याच्या मागचा भाग दुखत असेल तर हँडल बहुधा फार रुंद किंवा फार उंच आहे. कंबर दुखत असेल तर हँडल लांब पडतंय आणि तुम्ही पुढे वाकून त्याला लटकताय. फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे पुढे नेलेले फूटरेस्ट लावलेल्या गाडीत हे लगेच जाणवतं. पाय पुढे गेल्यावर अंगाचा भार पायांवर घेता येत नाही. सायन-पनवेल हायवेवर वारा छातीवर आला की हात दोरीसारखे ताणून धरावे लागतात.

आता जुनं हँडल काढू नका. हँडल मध्ये पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करा आणि हँडल जागच्या जागी फिरवून पाहा. ज्या हँडलला उंची आणि मागचा वळसा दोन्ही आहेत, त्याची मूठ क्लॅम्पपासून तिरक्या अंतरात साधारण २८० मि.मी. दूर असते. असं हँडल क्लॅम्पमध्ये फक्त ५ अंश फिरवलं तरी मूठ जवळपास अडीच सें.मी. सरकते. एवढ्यावर मनगट सरळ झालेल्या गाड्या खूप आहेत. ड्रॅग बारचं मात्र तसं नाही. ते जवळपास सरळ असतं, त्यामुळे फिरवल्यावर मूठ जागा फारशी बदलत नाही, फक्त तिचा कोन बदलतो. ड्रॅग बारने कंबर दुखत असेल तर फिरवण्यात वेळ घालवू नका.

हँडल फिरवलं की लिव्हर पुन्हा लावायच्या. सीटवर नीट बसून हात मुठीवर ठेवा आणि बोटं सरळ पुढे करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ झाली पाहिजे आणि लिव्हर त्या रेषेत बोटांखाली आली पाहिजे. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरची टाकी हँडल सरळ असताना शक्य तितकी सपाट राहिली पाहिजे. ती फार कलली तर ऑइल कमी असताना तळाच्या छिद्रात हवा शिरते, ब्रेक स्पंजासारखा लागतो आणि लोक ब्रेक पॅडला दोष देत बसतात.

अंगाचं माप

एवढं करूनही जमलं नाही तरच नवं हँडल. पण दुकानात जाण्याआधी माप घ्यायचं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. मधला स्टँड नसेल तर कुणाला तरी ती सरळ धरायला सांगा. नेहमीचे बूट आणि जाकीट घालून बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, डोळे मिटा. दोन्ही हात वर करा आणि जिथे मूठ असावीशी वाटते तिथे आरामात खाली आणा. कोपर थोडं वाकलेलं आणि खांदे पडलेले राहू द्या. हात जिथे थांबतील तिथे मित्राला झाडूचा दांडा किंवा पीव्हीसी पाइप धरायला सांगा. त्या पाइपपासून क्लॅम्पच्या मध्यापर्यंत तीन अंतरं मोजा : किती उंच, किती मागे आणि दोन्ही मुठींमध्ये किती रुंद. असं तीन वेळा करा. तिन्ही वेळा आकडे दोन सें.मी.च्या आत जुळले तर ते तुमचं माप समजा. दरवेळी वेगळं येत असेल तर सीटची उंची किंवा फूटरेस्टची जागाच चुकीची असण्याची शक्यता मोठी आहे. ती आधी पाहा.

कोपराचा कोन चालवताना साधारण १२० ते १५० अंशांत राहिला तर खड्ड्यात हात झटका खाऊन घेतो. हात पूर्ण सरळ असतील तर तोच झटका थेट खांद्यात जातो. मुठी खांद्याच्या वर जाऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. १६ इंची एप हँगर (खूप उंच हँडल) फोटोत कितीही छान दिसलं, तरी कापूरबावडीच्या रोजच्या गर्दीत क्लच शंभर वेळा दाबायचा असेल तर ते लावू नका.

रुंदीचा विचार इथल्या रस्त्यांवर करायचा. रुंद हँडलने हळू वेगात वळणं सोपी होतात. अरुंद हँडल गर्दीत बरं, पण जड क्रूझर त्याने हळू वेगात जड वाटते. क्रूझरची हँडल्स साधारण ७०० ते ९०० मि.मी. रुंद मिळतात. घोडबंदर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर दोन टीएमटी-एनएमएमटी बसच्या मधून रोज जाणाऱ्याला ७६० ते ८२० बरं पडतं. सोसायटीत खांबांच्या मधे पार्किंग असेल तर तिथलीही मोकळी जागा टेप लावून मोजा.

हँडलची चार मापं आणि दोन व्यास

दुकानात “१२ इंची द्या” असं म्हणणं हेच दुसऱ्या-तिसऱ्या हँडलचं कारण ठरतं. कुणी उंची क्लॅम्पच्या तळापासून हँडलच्या सगळ्यात वरच्या भागापर्यंत सांगतं, कुणी मुठीच्या मध्यापर्यंत. त्यातच दोनेक सें.मी.चा फरक निघतो. म्हणून चार आकडे विचारा. टोकापासून टोकापर्यंत रुंदी, क्लॅम्पपासून मुठीच्या मध्यापर्यंत उंची, मुठीचं टोक क्लॅम्पच्या किती मागे येतं आणि मधला सरळ भाग किती लांब आहे. मधल्या सरळ भागात दोन्ही क्लॅम्प बसले पाहिजेत आणि वळण क्लॅम्पच्या आत येता कामा नये. हार्लेच्या बऱ्याचशा मोठ्या गाड्यांत रायझरचं (क्लॅम्प ज्यावर बसतो त्या खुंटांचं) मध्य ते मध्य अंतर साडेतीन इंच, म्हणजे ८९ मि.मी. असतं. बाकीच्या गाड्यांत मोजूनच घ्या.

मुठीकडचा सरळ भागही मोजा. ग्रिप, क्लच लिव्हरचा क्लॅम्प, स्विच आणि आरशाचा पाया एका रांगेत बसायचे असतात. त्यासाठी डावीकडे साधारण २०० मि.मी. सरळ पाइप लागतो. तेवढा नसेल तर स्विच वळणावर चढतो, नीट बंद होत नाही आणि पहिल्याच पावसात त्यात पाणी जातं.

व्यास दोन ठिकाणी मोजायचा, मध्ये आणि टोकाला, आणि तोही व्हर्नियरने. ॲव्हेंजर आणि बुलेटसारख्या गाड्यांना पाऊण इंचाच्या वरचं, सात-अष्टमांश इंची म्हणजे २२.२ मि.मी. हँडल लागतं. हार्लेसारख्या मोठ्या क्रूझरला एक इंची, २५.४ मि.मी. काही हँडल मध्ये २८.६ मि.मी. जाड आणि टोकाला २२.२ असतात. एक्सलरेटरची नळी, स्विच आणि लिव्हर टोकाच्या व्यासावर ठरतात. क्लॅम्प मधल्या व्यासावर. २२ चं हँडल २५.४ च्या रायझरमध्ये बसवायचं असेल तर १.६ मि.मी. भिंतीचा नीट टर्न केलेला बुश (मधली गोल रिंग) लावा. वागळे इस्टेटमध्ये लेथवर असे बुश करून मिळतात. डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला मात्र कधीही चालवू नका. पत्रा चेपत जातो, बोल्ट कसलेलाच वाटतो आणि जोरात ब्रेक मारला की हँडल पुढे लोटलं जातं.

रायझरचा एक हिशेब बहुतेकांच्या डोक्यात नसतो. रायझर सरळ वर जात नाही, तो स्टिअरिंगच्या तिरक्या अक्षाच्या दिशेने जातो. फोर्कचा तिरकेपणा ३० अंश असेल तर १०० मि.मी.चा सरळ रायझर मूठ सुमारे ८७ मि.मी. वर आणि ५० मि.मी. मागे आणतो. म्हणून चार इंची रायझर आणि आठ इंची हँडल मिळून बारा इंची एप हँगर होत नाही. बसण्याची जागाच वेगळी होते. ज्यांना थोडी उंची आणि थोडं मागे, दोन्ही हवं आहे, त्यांच्यासाठी मूळ हँडल ठेवून छोटा रायझर टाकणं हा नव्या हँडलपेक्षा चांगला उपाय असतो. रायझर रबर बुशवर बसत असेल तर आधी ते रबर पाहा. हँडल धरून पुढे-मागे ढकललं की रायझरचा तळ हलतो का, ते दिसेल. कुजलेल्या रबरावर उंच रायझर लावला की हँडल सतत डुलतं.

पाइप जाड आहे का, हे वजनावरून कळतं

बाजारात क्रोमची चकाकी सगळ्यांना सारखीच असते. आत पाइपची भिंत किती जाड आहे हे दिसत नाही, कारण टोकाला बूच असतो किंवा पाइप दाबलेला असतो. घरचा किचनचा वजनकाटा आणि सुतळी यासाठी पुरतात. सुतळी पाइपच्या वळणावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावून लांबी काढा. मग हँडलचं वजन करा. लोखंडी पाइपचं एका मीटरचं वजन असं निघतं : बाहेरच्या व्यासातून भिंत वजा करा, उत्तराला भिंतीने गुणा आणि मग ०.०२४६६ ने गुणा. मापं मि.मी.मध्ये, उत्तर किलोत. २२.२ मि.मी. पाइप आणि २ मि.मी. भिंत असेल तर मीटरला जवळपास १ किलो. १.२ मि.मी. भिंत असेल तर ६२० ग्रॅमच. २५.४ पाइप आणि अडीच मि.मी. भिंत असेल तर १.४ किलो. म्हणजे सुतळीने सव्वा मीटर भरलेलं २२ चं हँडल ७७५ ग्रॅमच्या आसपास असेल तर ते पातळ आहे. ते खाली ठेवा. क्लॅम्पखाली ते चेपेल आणि सिंगल सिलिंडरच्या थरथरीत मुठी जास्त झणझणतील.

वळणांच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. सुरकुत्या किंवा चपटा भाग लागला तर पाइप भरणी न करता वाकवला आहे. झेड बार आणि टी बार वेल्डिंगचे असतात. वेल्डच्या कडेला पाइपमध्ये खाच पडलेली असेल तर तिथूनच तडा जातो. क्लॅम्प बसतो त्या मधल्या भागावर बारीक खरखरीत दाते असले पाहिजेत. तिथे गुळगुळीत क्रोम असेल तर हँडल फिरण्याची तक्रार आज ना उद्या येणारच.

आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि चार महिने पाऊस असतो. वाशी, ऐरोली, कोपरीच्या पट्ट्यात उघड्यावर उभ्या गाडीचं स्वस्त क्रोम दोन पावसाळ्यांत फोडासारखं फुगतं. गंज बाहेरून कमी, आतून आणि क्लॅम्पच्या खालून जास्त येतो. ३०४ स्टेनलेसचं हँडल महाग पडतं, पण इथे तेच टिकतं. लोखंडीच घ्यायचं असेल तर बसवण्याआधी पाइपच्या आत थोडं इंजिन ऑइल फिरवा, जादा निथळू द्या आणि टोकांना बूच लावा.

यू-टर्नला रेस वाढते : ही पहिली धोक्याची खूण

हँडल बसवलं की एक परीक्षा सगळ्यात आधी. गाडी उघड्यावर, न्यूट्रलला, इंजिन स्लोवर (एक्सलरेटर न देता चालू) ठेवा. बंद पार्किंगमध्ये हे करू नका, धूर साठतो. हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवा. स्लो जराही वाढला तर एक्सलरेटर केबल ताणली जातेय, किंवा वळणात तिचं आउटर, म्हणजे बाहेरचं आवरण, दबतंय. ही गाडी रस्त्यावर काढू नका. माजिवड्याच्या पुलाखाली वळताना हँडल पूर्ण लॉक होतं आणि नेमक्या त्याच क्षणी गाडी पुढे ओढली जाते.

स्लो स्क्रू कमी करून हे बरं होत नाही. आधी केबलचा मार्ग पाहा. हेडलाइटच्या मागून, टीच्या (फोर्कचे दोन्ही पाय धरणाऱ्या भागाच्या) ज्या बाजूने कंपनीने नेली होती त्याच बाजूने नवी केबल गेली आहे का? मार्ग बरोबर असूनही ताण येत असेल तर केबल लांब लागते. ग्रिप फिरवताना मुठीच्या कडेवर साधारण २ ते ६ मि.मी. मोकळी चाल राहिली पाहिजे आणि हात सोडला की ग्रिप झटकन परत यायला हवी. ज्या गाड्यांत राइड-बाय-वायर आहे तिथे केबल नसते, पण वायरचं हार्नेस असतं आणि तेही तसंच ताणलं जातं.

किती लांब केबल हवी, हे अंदाजाने ठरवू नका. पुन्हा सुतळी घ्या. जुनं हँडल गाडीवर असतानाच केबलच्या मार्गाने सुतळी लावून गाठ मारून ठेवा. नवं हँडल सुकं, म्हणजे तात्पुरतं बसवा, त्याच मार्गाने दुसरी सुतळी न्या आणि हँडल दोन्ही लॉकला फिरवून जिथे जास्त लागते ते माप घ्या. दोन सुतळ्यांमधला फरक अधिक २० मि.मी. एवढी वाढ.

केबल बनवून घेताना मुख्य चूक इथे होते. मेकॅनिक जुनी केबल दाखवून “दोन इंच मोठी” एवढंच सांगतो. केबलमध्ये महत्त्वाचं माप म्हणजे आउटरच्या बाहेर उघडी राहणारी आतली तार. ते जुन्या केबलइतकंच राहिलं पाहिजे. आउटर ५० मि.मी. वाढवलं तर आतली तारही नेमकी ५० मि.मी. वाढली पाहिजे. तार जास्त वाढली तर ॲडजस्टर संपेपर्यंत क्लच ढिला राहतो. कमी वाढली तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो, प्लेट घसरतात आणि गायमुखचा चढ चढताना जळका वास येतो. लोक क्लच प्लेट बदलतात आणि महिन्याभरात तोच वास परत. क्लच लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मि.मी. मोकळी चाल ठेवा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. क्लच जड झाला असेल तर केबल कुठेतरी काटकोनात वळते. वळण मोठं आणि गोल करा. केबलला मधे जोड देऊन लांबी वाढवणं सरळ नाकारा.

ॲव्हेंजरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. २०१५ नंतरच्या क्रूझ आणि स्ट्रीट या दोन प्रकारांची हँडल्स वेगळी आहेत. स्ट्रीटचं खाली आणि सपाट, क्रूझचं उंच. एकाचं हँडल दुसऱ्याला लावताना केबल आणि ब्रेक होजही (ब्रेक ऑइलची नळी) पार्ट नंबर पाहून त्याच प्रकाराचे घ्या. कंपनीचे सुटे भाग असल्यामुळे हा खरं तर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा बदल आहे.

ब्रेकचा होज

होजचं माप हँडल लॉकला घेऊन तर पाहायचंच, शिवाय पुढचं चाक हवेत उचलून पाहायचं. गाडी उभी असताना फोर्क थोडा दबलेला असतो. स्पीड ब्रेकरवरून चाक उचललं की फोर्क पूर्ण बाहेर येतो आणि होजला सगळ्यात जास्त लांबी तेव्हा लागते. जमिनीवर सैल दिसणारा होज त्या क्षणी ताठ होतो. त्याच्या टोकाची पकड हळूहळू सुटते.

होज बदलताना बॅन्जो बोल्टच्या (होजचं टोक धरणाऱ्या पोकळ बोल्टच्या) जोडाला दोन्ही बाजूंचे वॉशर नवे लावा, म्हणजे प्रत्येक जोडाला दोन. जुने तांब्याचे वॉशर एकदा चेपले की पुन्हा तेवढे घट्ट बसत नाहीत. टाकीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ च, आणि तेही सीलबंद डब्यातलं. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी शोषतो. काम करताना पेट्रोलच्या टाकीवर जाड फडकं टाका. ब्रेक ऑइल रंग उचलतं. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाण्याने धुवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं आहे. अशा गाडीचा होज उघडला आणि एबीएस युनिटमध्ये हवा गेली, तर साध्या ब्लीडिंगने (ऑइलमधली हवा काढण्याने) ती कधीकधी निघत नाही, कंपनीच्या स्कॅनरने पंप चालवावा लागतो. त्यामुळे एबीएस गाडीवर होजचं काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच द्या.

खड्ड्यात किंवा ब्रेकला हँडल खाली सरकतं

क्लॅम्पमध्ये कसलाही थर नको. पावडर कोटिंग किंवा रंग केलेलं हँडल असेल तर क्लॅम्पच्या जागेवरचा थर काढायचा. तो दाबाखाली हळूहळू बसतो आणि बोल्ट आपोआप सैल होतो. ऑइल, पॉलिश, मेण काहीही राहू देऊ नका, थिनरने पुसा. वरच्या क्लॅम्पवर ठिपका असेल तर तो पुढे. काही गाड्यांत पुढचा बोल्ट आधी पूर्ण कसून मागे फट ठेवतात, काहींत दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तसं करा. ८ मि.मी.च्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना वापरा. लांब पाइप लावून कसलेले बोल्ट टीमधले आटे ओढतात, आणि ते काम हँडलपेक्षा महाग पडतं.

स्विचच्या आत एक छोटी खुंटी असते. ती हँडलमधल्या छिद्रात बसते. नव्या हँडलला छिद्र नसलं की काही जण खुंटीच कापून टाकतात, मग स्विच ग्रिपबरोबर फिरतो आणि ओढली जाऊन वायर तुटते. खुंटीच्या मापाचं छिद्र योग्य जागी पाडा, कडा घासून घ्या. वळणावर किंवा क्लॅम्पजवळ मात्र ड्रिल लावू नका. वायर लांब करायची असेल तर सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नका, पुढे-मागे ठेवा. झाळून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसती पिळून टेप मारलेली वायर पहिल्या जुलैत दगा देते. हँडल लॉकला नेलं की हॉर्न वाजतो किंवा दिवा जातो, ही कुठेतरी वायर चिरडली जात असल्याची खूण आहे.

हँडल डुगडुगत असेल तर सगळा दोष नव्या हँडलवर टाकू नका. पुढचं चाक उचला. हँडल मधोमध येऊन अडखळत असेल तर कोन सेटला (स्टिअरिंगच्या बेअरिंगला) खळगे पडलेत. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवल्यावर टक् आवाज आला तर कोन सेट ढिला आहे. उंच हँडलने हा जुना दोष फक्त वर आणला. टायरची हवा आणि स्पोकही बघून घ्या.

पूर्ण लॉकला मूठ आणि टाकीच्या मधे किमान अंगठ्याएवढी, अडीच-तीन सें.मी. जागा हवी, आणि तीही ग्लोव्हज घातलेल्या हाताने तपासून. जागा होत नसेल तर स्टॉपर (हँडल जिथे अडतं तो भाग) वाढवून वळण कमी करू नका, हँडल बदला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. एमएच-०४ असो की एमएच-४३, १५ वर्षांनी पुनर्नोंदणीच्या वेळी गाडी तपासली जाते. मूळ हँडल, केबल आणि होज कागदात गुंडाळून, बोल्टसकट माळ्यावर ठेवा. विकू नका.

काम झालं की क्लॅम्प आणि हँडल या दोघांवरून जाईल अशी रंगाच्या मार्करने एक बारीक रेघ ओढा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि मग ५०० नंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा. रेघ जिथे तुटलेली दिसेल तिथे हँडल फिरलंय, मग बोल्ट कितीही घट्ट लागत असला तरी क्लॅम्प उघडून आतला थर आणि दाते पाहा.